बाईंना यातून काय मिळतं

आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात दर वर्षी एका प्राध्यापकांची मुलाखत असायची. मी टी.वाय.ला होते त्या वर्षी ती घ्यायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे आलं म्हणजे दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, आणि अंकाचं काम बघणारे सर माझ्याकडे बघत राहिले. मला नाही म्हणायची सवय नव्हती. कॉलेजात येणारी आमच्या घरातली मी पहिली. आपण इथे आहोत हेच चुकून झालंय आणि कधीतरी कोणीतरी येऊन सांगेल की बाई, ऊठ, तुझा नंबर या बाकावर नाही, असं मला तिसऱ्या वर्षापर्यंत वाटत होतं. तेव्हा जे काम सांगतील ते करायचं.

मुलाखतीची पद्धत ठरलेली होती. विद्यार्थ्याने पाच प्रश्न लिहायचे, त्यांची उत्तरंही आपणच लिहायची, आणि प्राध्यापकांना नेऊन दाखवायची. ते घाईत वाचणार, एखादं विशेषण वाढवणार, खाली सही करणार. "त्यांना कुठे वेळ असतो?" सर म्हणाले. "तू सगळं लिहूनच ने. मराठी चांगलं आहे तुझं."

मुलाखत होती विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन बघणाऱ्या बाईंची. त्या तर्कशास्त्र शिकवायच्या. तास संपले की ग्रंथालयाबाहेर, जिन्याखाली एक टेबल टाकून बसायच्या. टेबलामागच्या भिंतीवर 'विद्यार्थी मार्गदर्शन' अशी पाटी होती. मुलं त्याला रडायचं टेबल म्हणायची, कारण तिथे बसलेलं कोणी ना कोणी नाक पुसतानाच दिसायचं. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी एकटी बाई म्हणायचे. म्युनिसिपालिटीच्या शाळेतली सवय सुटली नव्हती. एकदा वर्गात त्यावरून सगळे हसले, तेव्हा बाई म्हणाल्या, "हसायला काय झालं? बाईच आहे मी."

मी दोन दिवस बसून उत्तरं लिहिली. पाचवा प्रश्न होता, 'या कार्यातून आपणांस काय प्राप्त झाले?' त्याचं उत्तर मला फार आवडलं होतं. 'विद्यार्थ्यांच्या यशाने होणारा आत्मिक आनंद हाच माझा खरा मोबदला होय. ज्ञानदानाच्या या यज्ञात मी केवळ एक समिधा आहे.' हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. आईला अक्षरओळख बेताचीच, पण यज्ञ म्हटल्यावर तिने भांडी घासता घासता मान डोलावली.

बाईंनी कागद घेतले आणि घाई न करता वाचले. मला वाटलं होतं तसं विशेषण वगैरे काही वाढवलं नाही.

"हे कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, बाई."

"कधी?"

"अजून नाही बोललात."

त्यांनी चष्मा काढला. "समिधा म्हणजे काय माहितेय ना तुला? जळते ती. मी जळतेय असं दिसतं का तुला?"

"नाही, बाई."

"मग?"

"मुलाखतीत असंच बोलतात ना."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कागद उलटे करून त्यांनी माझ्यापुढे सरकवले. "प्रश्न बरे आहेत तुझे. मग विचार की. खरंच विचार."

प्रश्न विचारायचे असतात हे मला नव्याने कळल्यासारखं झालं. मी पेन उघडलं आणि पहिला वाचला. आपण या कार्याकडे कशा वळलात?

"वळले नाही. आधीचे सर निवृत्त झाले, टेबल रिकामं पडलं. आणि स्टाफरूममधल्या पंख्याखाली मला सर्दी व्हायची."

"असंच लिहू?"

"असंच झालं तर काय करणार?"

दुसरा प्रश्न, विद्यार्थी कोणत्या समस्या घेऊन येतात. "आर्ट्स घेऊ का कॉमर्स, हे विचारतात," बाई म्हणाल्या. "पण तेवढ्यासाठी कोणी येत नाही." पुढचं काही सांगणार तोच एक मुलगा येऊन उभा राहिला, आणि मी उठून समोरच्या बाकावर जाऊन बसले.

ती मुलाखत अशीच चालली. प्रश्न विचारावा, कोणीतरी यावं, मी बाकावर जावं. त्यामुळे मला बाईंचं काम बघायला मिळालं. त्या फारच कमी बोलायच्या. घरी कोण कोण असतं, डबा कोण करतं, असलं काहीतरी विचारायच्या. मग मुलगा किंवा मुलगी जरा सैल झाली की पुढे वाकून विचारायच्या, "तुला काय करायचंय?" तुला हा शब्द त्या जरा लांबवायच्या. कोणी टेबलावरच्या शाईच्या डागावर बोट फिरवायचं. कोणी वर जिन्याकडे बघायचं. मग हळूहळू बोलायला लागायचं.

मी बाकावर बसून तो प्रश्न रोज ऐकायचे आणि वाट बघायचे. माझी मुलाखत संपेल आणि मग बाई मलाही तो विचारतील, असं मला वाटत होतं. खरं तर त्यासाठीच मी मुलाखत लांबवत होते. एका बैठकीत दोन प्रश्न सहज झाले असते, मी एकच विचारायचे.

कारण माझं ठरत आलं होतं. बाबा औषधांच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात होते. दिवसभर सरकत्या पट्ट्यापुढे उभं राहून समोरून येणाऱ्या बाटल्या खोक्यांत भरायच्या. तसं करून करून त्यांच्या पायाच्या शिरा निळ्या पडून वर आल्या होत्या. घरी आले की उलट्या बादलीवर पाय टाकून बसायचे. कंपनीत एक रीत होती. कामगाराने मुदतीआधी जागा सोडली तर त्याच्या मुलाला किंवा मुलीला घ्यायचे. आमच्या चाळीत याला बापाच्या जागेवर लागणं म्हणत. आमच्या रांगेतले दोघे तसे लागले होते. मी लागले की बाबा सुटणार होते आणि गावाला, मालवणकडे, कायमचे जाणार होते. तिथे आमचं मातीचं घर, समोर पायरी, मागे विहीर, थोडी काजूची झाडं. बाबा याबद्दल कधी फार बोलायचे नाहीत. पण परीक्षा कधी संपते हे त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, आणि परीक्षेची चौकशी करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आणि मला एम.ए. करायचं होतं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या एका पुस्तकात मला आमच्या गावच्या खाडीचं नाव सापडलं होतं. पूर्वी त्या खाडीतून मीठ भरलेली गलबतं वर जात, एवढी एकच ओळ. मी ती ग्रंथालयात उभ्यानेच पुन्हा पुन्हा वाचली. जिथे आम्ही मे महिन्यात शिंपल्या काढायला जायचो, ती खाडी पुस्तकात. मग ती गलबतं कोणाची, मीठ कुठे जायचं, आणि आता ती का जात नाहीत, हे कुठे लिहिलेलं असेल? इतिहासाच्या सरांना विचारलं तर म्हणाले, हे परीक्षेला येत नाही, एम.ए.ला गेलीस तर बघ. तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं. पण पट्ट्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला गलबतांचं काय सांगायचं?

तिसरा प्रश्न होता, आपली मार्गदर्शनाची पद्धत कोणती. बाई म्हणाल्या, "चहा पिते."

"म्हणजे, बाई?"

"घरी जाते मुलांच्या. चहा पिते."

"आणि काय सांगता?"

"काही नाही. साखर जास्त झाली असेल तर पाणी मागते."

चौथा होता अविस्मरणीय अनुभवाचा. "एका मुलीला विमानतळावर काम करायचं होतं. कुठलंही. जोगेश्वरीला दिलीय आता. डोक्यावरून विमानं जातात, म्हणाली, दिवसभर." मी पुढच्या वाक्याची वाट बघत पेन धरून बसले. पुढचं वाक्य आलं नाही.

पाचवा उरला. मी तो विचारला. बाई म्हणाल्या, "तो राहू दे आज." आणि मग, अगदी सहज, टेबल आवरता आवरता, "तुझं काय ठरलंय परीक्षेनंतर?"

काय ठरलंय, असं त्यांनी विचारलं. काय करायचंय, असं नाही. मी कंपनीचं सांगितलं. बाबांच्या जागेवर लागेन, परमनंट आहे, कँटीन आहे.

"कंपनी चांगली आहे ती," बाई म्हणाल्या. "बायकांना बसायला देतात का?"

"नाही बाई. उभंच राहावं लागतं."

"हं."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी कागद गोळा करायला लागले. इतक्या जणांना विचारलं, मला का नाही? मी बाकावर बसणारी, अंकाचं काम करणारी मुलगी, त्यांच्या लेखी विद्यार्थिनीच नव्हते बहुतेक. जिन्यापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "रविवारी दुपारी असतात ना गं घरी सगळे? येऊ चहाला?"

मी घाटकोपरला आमच्या डोंगराच्या उतारावर पोचेपर्यंत काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. आईला एवढंच सांगितलं की कॉलेजातल्या बाई रविवारी येणार आहेत.

आईने पदराला हात पुसले. आम्ही घरात मालवणीच बोलायचो. "मास्तरीण घराक कित्याक येता?" ती म्हणाली. आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, "चेडवाक बघूक."

मुलीला बघायला. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की तसं काही नाही, त्या सगळ्यांच्याच घरी जातात.

"सगळ्यांच्या घराक जाता म्हंजे खूप स्थळां आसतली तिच्याकडे," आई म्हणाली.

यात तिची चूक म्हणता येणार नाही. आमच्या चाळीत बाहेरची शिकलीसवरली बाई, कोणाची नातेवाईक नसताना, मुलीच्या घरी चहाला यायची तर दुसरं कारणच नसायचं. शाळेतल्या बाई घरी यायच्या त्या मूल शाळेत येत नसलं तर. मी तर रोज जात होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बादलीवरचे पाय खाली घेतले. "जागेचा काय मगे?" एवढंच म्हणाले. लग्न झालं तर मुलगी त्यांच्या जागेवर कशी लागणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आईने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

रविवारी सकाळपासून पोह्यांची तयारी. शेजारच्या काकूंनी बशा दिल्या आणि बशांबरोबर स्वतःही आल्या. धाकट्या भावाला, तो नववीत होता, चकाट्या पिटायला बाहेर पाठवलं. मला आईची हिरवी साडी नेसवली. मी म्हटलं, मी बाईंना रोज स्कर्टमध्ये भेटते. काकू म्हणाल्या, "रोजचं वेगळं, आजचं वेगळं. खाली बघून बोल हं. आणि चष्मा काढ."

"दिसणार नाही मला."

"तुला काय बघायचंय? बघणार त्या."

बाई डोंगर चढून आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. सुती साडी, खांद्याला नेहमीची पिशवी. आमच्या एका खोलीत चटई घातली होती, वर चादर, चादरीवर एकही सुरकुती नाही. एकुलती एक खुर्ची त्यांच्यासाठी पुसून ठेवली होती. बाबा दाराशी इस्त्रीचा सदरा घालून अवघडून उभे. दाराबाहेर दोन-चार बायका उगाचच वाळत घातलेले कपडे चाचपत होत्या. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आतून आले. आत म्हणजे पडद्यामागून. चष्मा नसल्याने बाईंचा चेहरा मला धुरकट दिसत होता. तरी त्यांच्या लक्षात आलंय हे मला कळलं, कारण त्या एकदम सरळ होऊन बसल्या.

"पोहे तिनेच केले," आई शक्य तेवढं शुद्ध बोलत म्हणाली. मी केले नव्हते.

"छान झालेत," बाई म्हणाल्या.

"शिवण येतं. घरचं सगळं येतं. कॉलेज आहे म्हणून काही नाटकं नाहीत."

"उलट बोलणार नाही कधी," काकू म्हणाल्या. "या भिंतीला कान आहेत माझे, मला माहितेय."

बाईंनी चहाचा कप उचलला. घोट घेतला. पाणी मागितलं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. बाईंनी आता खरं काय ते सांगावं तर आईची शोभा होईल. न सांगावं तर माझी. पण बाई दोन्हीतलं काहीच करेनात. मग आई म्हणाली, अशा वेळी जे म्हणायचं असतं तेच, "विचारा ना बाई तिला काय विचारायचं ते."

बाहेरच्या बायकांचे हात थांबले. बघायला आलेल्यांनी विचारावं आणि मुलीने सगळ्यांसमोर उत्तर द्यावं, ही रीत. तेव्हा घरातलं कोणी मध्ये बोलत नाही. मुलीचं असं सगळ्यांनी गप्प बसून ऐकण्याची वेळ एरवी येतच नाही.

बाई खुर्चीवरून पुढे वाकल्या.

"तुला काय करायचंय गं?"

तोच प्रश्न, तुला लांबवलेला. मी इतके दिवस बाकावर बसून ज्याची वाट बघितली होती तो. मला वाटलं होतं, विचारला तर मी सगळं सांगेन, खाडी, गलबतं, मीठ. पण मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. दाराशी बाबा उभे होते. ते मला अंधुक दिसत होते, त्यांचे पाय तेवढे स्पष्ट आठवत होते.

"पुढे शिकायचंय," मी म्हटलं. "एम.ए. करायचंय. इतिहासात."

आवाज इतका बारीक निघाला की काकूंनी आईला विचारलं, "काय म्हणाली?" आणि कोणी सांगेना तेव्हा त्यांनी बाईंनाच विचारलं, "मुलाकडच्यांना चालेल ना पण?"

"मी मुलाकडची नाही हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी हिच्याकडची."

आईच्या हातातली बशी तशीच राहिली. मग बाईंनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली, आईला विचारलं की खोबरं गावचं का. आईने हो म्हटलं, आणि दोघी नारळावर बोलू लागल्या. एम.ए.बद्दल एक अक्षर नाही. माझ्याबद्दल चांगलं नाही, वाईट नाही. काकू बशा न घेताच गेल्या. मी पडद्यामागे जाऊन चष्मा लावला आणि बसून राहिले.

बाबा बाईंना बसपर्यंत सोडायला गेले. मी दाराशी उभी राहिले. उतारावरून खाली रस्ता दिसायचा, पण बसस्टॉप वळणामागे. बस जाऊन बराच वेळ झाला तरी बाबा आले नाहीत. आणखी एक गेली. आई साडीच्या घड्या घालत म्हणत होती, एवढी खोबऱ्याची वाटी फुकट गेली. मग, "आधी सांगूचा नाय?" हे ती मला म्हणत होती की बाईंना, कळलं नाही.

बाबा आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिकटला होता. त्यांनी बादली उलटी केली, पाय वर टाकले. मी पाणी दिलं आणि बाई काय म्हणाल्या ते विचारलं.

"काय नाय. गावची चौकशी केल्यान."

मी उभीच राहिले. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"माका विचारल्यान, तुमका काय करूचा आसा?"

"मगे?" आई म्हणाली.

"सांगलंय. गावाक जावचा आसा."

"मगे?"

"मगे काय. बस इली."

पण बस दोन गेल्या होत्या, हे मला माहीत होतं. त्यांनी त्या सोडल्या होत्या, आणि बाईंनीही. बाबांनी तिथे उभं राहून बाईंना काय काय सांगितलं ते मला कधीच पूर्ण कळलं नाही. विहिरीचं सांगितलं असणार, कारण त्या रात्री जेवताना ते आईला मध्येच म्हणाले की विहिरीत आपला एक तांब्या पडला होता तो कोणी काढला असेल का. लग्नाआधीची गोष्ट.

आठवडाभराने ते कामावरून आले आणि भावाला हाक मारून विचारलं, तुला अठरावं कधी लागतं. मग आईला सांगितलं की साहेबांशी बोललो, मुलगा मोठा होईपर्यंत थांबतो म्हटलं, जागा त्याला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. कॉलेजचा कागद असेल तर आण, सही करतो, एवढं म्हणाले आणि पाय धुवायला मोरीत गेले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मोरीतून पाण्याचा आवाज येत होता आणि मी मनात हिशेब करत होते की नववीतला मुलगा मोठा व्हायला किती वेळ लागतो.

अंक छापायला जायच्या आधी मी पाचवा प्रश्न घेऊन पुन्हा टेबलाशी गेले. बाई एकट्याच होत्या. मी बसले, आणि प्रश्नाआधी दुसरंच विचारलं. इथे का नाही विचारलंत मला, बाई?

"इथे विचारलं असतं तर तू मला आवडेल ते उत्तर दिलं असतंस," त्या म्हणाल्या. "समिधेसारखं."

मी त्यांना बाबा थांबणार आहेत हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चांगलं झालं असं म्हटलं नाही. बराच वेळ त्या पेनचं टोपण उघडत आणि लावत राहिल्या.

"विचार तुझा पाचवा," म्हणाल्या.

या कार्यातून आपणांस काय प्राप्त झाले?

"कोणाला काय हवं होतं, ते मला माहीत असतं," बाई म्हणाल्या. "ते मिळतं मला. बहुतेकांना हवं ते मिळत नाही, ते काही मी देऊ शकत नाही. पण त्यांना ते हवं होतं, हे एकदा कोणाला तरी सांगून झालेलं असतं. ते माझ्याकडे राहतं. घरी जाताना मला ते आठवतं. तुझ्या वडिलांची विहीर आहे ना, ती आहे आता माझ्याकडे. घराच्या पायरीसकट."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, हे काय, यात मोबदला कुठे आहे? लोकांना वाटेल बाई निराश आहेत. माझी आधीची उत्तरं अजून त्यांच्या फायलीत होती. अंकात तीच छापली गेली, ज्ञानदान, यज्ञ आणि समिधा. खाली बाईंचं नाव. मी शरमून बाईंकडे गेले तर त्या अंक उघडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "फोटो बरा आलाय."

आता मी कालिन्याला विद्यापीठात जाते. एम.ए.चं दुसरं वर्ष. खाडीवर आणखी चार ओळी सापडल्या आहेत, वेगवेगळ्या पुस्तकांत. आमच्या वर्गात पन्नासेक जण आहेत आणि शिकवणारे फार विद्वान आहेत. तास संपला की ते निघून जातात. इथे जिन्याखाली टेबल नाही. पहिल्या वर्षी मी उगाचच सगळे जिने बघून आले होते.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. मुलुंडला स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर राहतात. मला त्यांच्याकडे जायचं आहे. जुन्या कॉलेजवरून एकदा गेले होते, टेबल अजून तिथेच आहे, त्यावर तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे रचले आहेत. पाटी आहे. घरापर्यंत मात्र जाणं होत नाही. गेले तर त्या विचारतील, वडील गेले का गावाला? आणि नाही असं सांगताना माझा चेहरा कसा होईल ते मला माहीत नाही. ते गावाला गेले की जाईन, असं ठरवलं आहे. कधी कधी वाटतं, तोवर वाट बघणं बाईंना आवडणार नाही. कधी वाटतं, त्यांना तशी सवय असेल.

बाबा अजून पट्ट्यापुढे उभे राहतात. भाऊ अकरावीत आहे. संध्याकाळी ते आले की बादली मी उलटी करून ठेवते. परवा मी त्यांच्या बाजूला बसले आणि विचारलं, गावी गेल्यावर सगळ्यात आधी काय करणार? हा प्रश्न विचारायला मला इतकी वर्षं लागली. बाईंसारखा तो मला विचारता येत नाही.

बाबांनी पाय जरा हलवले. त्यांना विचार करावा लागला नाही.

"पायरेर बसतलंय," ते म्हणाले.

आणि मग काय, मी विचारलं.

"मगे उठतलंय कित्याक?"